एका 'आहे'साठी पाच मंगळवार: आमच्या वॉर्डातला जपानी वर्ग

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाईच्या आसपास, मराठी घरं आता बरीच झाली आहेत. दर एप्रिलला कोणी ना कोणी नवीन येतं आणि महिन्याभरात तोच प्रश्न विचारतं: जपानी शिकायला कुठे जाऊ? मी आजवर "मंगळवारच्या वर्गाला ये" एवढंच सांगत आले. पण तो वर्ग मला का आवडतो आणि कोणाला तो अजिबात चालणार नाही, हे सांगायला एक वाक्य पुरत नाही.

आधी माहिती. सामुदायिक केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर दर मंगळवारी सकाळी दहा ते साडेअकरा. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. सत्राची फी १,००० येन, झेरॉक्सचे पैसे त्यातच. ऑगस्टमध्ये बंद. केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जागा थोड्या असतात आणि झुंबड उडाली तर त्या माणसांना त्रास होईल. वॉर्ड ऑफिसात अशा वर्गांची यादी मिळते, तीत मंगळवार सकाळ शोधा.

मी इथे येण्याआधी भारतात चार महिन्यांचा एक क्लास केला होता. तिथे सगळं इंग्रजीतून. 'आरिमास' आणि 'इमास', म्हणजे जपानीतले दोन 'आहे', एका तासात उरकले: फळ्यावर दोन रकाने, एकात निर्जीव, दुसऱ्यात सजीव, आणि प्रत्येक वाक्यासमोर त्याचं इंग्रजी. परीक्षेत त्या धड्यावर मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. टोकियोत आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मुलाला ताप आला. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "ओकुसुरी तेच्यो वा आरिमास का?" म्हणजे औषधांची नोंदवही आहे का. इथे प्रत्येकाची अशी एक छोटी वही असते, कुठल्या तारखेला कुठलं औषध दिलं ते तीत चिकटवतात. मला 'आरिमास' ऐकू आलं, कळलंही. पण माझ्या डोक्यात त्याचा अर्थ 'इथे कुठे एक वही आहे' असा उमटला आणि मी काउंटरवर वही शोधायला लागले. त्या विचारत होत्या, "तुमच्याकडे आहे का?" कडेवर तापलेलं मूल, मागे रांग. त्या दिवशीचा माझा गोंधळ मला अजून आठवतो, आणि तो ज्या पद्धतीने मला शिकवलं होतं तिच्यामुळे झाला, असं माझं ठाम मत आहे.

मंगळवारच्या वर्गात हाच धडा जूनच्या मध्यावर सुरू झाला आणि जुलैच्या मध्यापर्यंत चालला. पाच मंगळवार. आमच्या सेन्सेई सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि इंग्रजी बोलत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी घरून एक बांबूची पाटी आणली होती. जपानीत तिला झारु म्हणतात, आपल्या भाजी निथळायच्या रोवळीसारखी. तिच्यात एक पीच, एक किल्ली, चष्म्याचं घर आणि सहीऐवजी वापरतात तो शिक्का. पीच टेबलावर ठेवलं. "मोमो गा आरिमास." मग पाटी त्यावर उपडी घातली. "झारु नो शिता नी मोमो गा आरिमास." मग आमच्याकडे बघून, "मोमो वा दोको नी आरिमास का?" पीच कुठे आहे? आम्ही बारा जण, सगळे पाटीकडे बोट दाखवत होतो.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवेन. प्रत्येकाला म्हणाल्या, 'टेबलावर पीच आहे' हे वाक्य तुमच्या भाषेत सांगा, अगदी सावकाश. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "टेबलाच्या वरती पीच आहे." त्यांनी ते ऐकून कातकानात, म्हणजे परके शब्द लिहायच्या जपानी लिपीत, फळ्यावर लिहून घेतलं, त्याखाली जपानी वाक्य लिहिलं, आणि मला एकेक तुकडा जुळवायला लावला.

तेबुरु - नो - उए नी - मोमो गा - आरिमास.
टेबला - च्या - वर ती - पीच - आहे.

मी खडू हातात घेऊन उभी होते आणि रेघा सरळ खाली उतरत होत्या. एकही रेघ दुसरीला छेदून गेली नाही. 'नो' म्हणजे आपलं 'चा-ची-चे', 'उए' म्हणजे वर, 'नी' म्हणजे जागा दाखवणारा प्रत्यय, आणि क्रियापद शेवटी. उरला फक्त 'गा', त्याला आपल्याकडे जोडीदार नाही. चार महिने मी हेच वाक्य आधी इंग्रजीत उलटं करून मग जपानीत पुन्हा सुलटं करत होते. गरजच नव्हती. ज्या मराठी माणसाला हे वाक्य इंग्रजीमार्गे शिकवतात त्याला सांगलीहून कोल्हापूरला पुण्यावरून पाठवतात.

'गा' आणि 'वा'चा फरकही तसाच कळला. "टेबलावर पीच आहे" आणि "पीच टेबलावर आहे" ही दोन वाक्यं आपण रोज बोलतो आणि कधीच चुकत नाही. पहिल्यात पीचची बातमी नवीन आहे. दुसऱ्यात पीच आपल्या दोघांना माहीत आहे, नवीन आहे ती जागा. मराठी हे फक्त शब्द पुढेमागे करून सांगते. जपानी शब्दही हलवते आणि त्यामागचा प्रत्ययही बदलते: "तेबुरु नो उए नी मोमो गा आरिमास" आणि "मोमो वा तेबुरु नो उए नी आरिमास". सेन्सेईंनी मला नियम सांगितलाच नाही. त्यांनी विचारलं, तुम्ही घरी कधी कुठलं म्हणता? मी सांगितलं आणि त्यांनी नुसती मान डोलावली.

आता जिथे मराठी आडवी येते ती जागा. "हे पुस्तक आहे" आणि "इथे पुस्तक आहे", आपल्याला दोन्हीकडे 'आहे'. जपानीत पहिल्याला 'देस', दुसऱ्याला 'आरिमास'. माझ्या शेजारी बसणाऱ्या नेपाळी मुलीला हे एका मिनिटात जमलं, कारण नेपाळीत ओळख सांगायला 'हो' आणि असणं सांगायला 'छ'. ती म्हणाली, आमच्याकडे आधीपासून दोन आहेत. समोरच्या चिनी बाईंना त्याहून बारीक फरक ठाऊक होता: टेबलावर काय आहे हे सांगायला त्यांच्याकडे एक शब्द, वस्तू कुठे आहे हे सांगायला वेगळा. मी मात्र दोन आठवडे "इथे पुस्तक देस" म्हणत राहिले. त्यात आणखी एक मेख आहे. "तोइरे वा आसोको देस", म्हणजे स्वच्छतागृह तिकडे आहे, हे बरोबर. "आसोको नी तोइरे देस" मात्र चूक. जागेला 'नी' लागला की 'आरिमास' हवंच. सेन्सेईंनी हे माझ्याकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की आता चुकीचं वाक्य माझ्या कानाला खटकतं.

तिसऱ्या मंगळवारी त्या नातवाचा भुंगा घेऊन आल्या. काबुतोमुशी, शिंगाचा मोठा भुंगेरा, इथली मुलं उन्हाळ्यात प्लास्टिकच्या डब्यात पाळतात. "हाको नो नाका नी काबुतोमुशी गा इमास." डब्यात पाय खरवडल्याचा आवाज येत होता, त्यामुळे 'इमास' का हे कोणी विचारलं नाही. प्रश्न माझ्या मुलाने घरी विचारला. तो इथल्या शाळेत पहिलीत आहे. पहिलीच्या मुलांना आसागाओचा, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीचा वेल कुंडीत लावायला देतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंडी घरी न्यायची असते. आमच्या गॅलरीत ती निळी कुंडी आली. मी सराव म्हणून बोलले, "बेरांदा नी आसागाओ गा आरिमास." तो म्हणाला, "आई, पण तो रोज वाढतो. काल काठीच्या इथपर्यंत होता. मग 'इमास' का नाही?" खरंच, सकाळी फूल उमलतं, दुपारी मिटतं, वेल काठीला विळखा घालतो. निर्जीव कसा म्हणायचा?

मी पुढच्या मंगळवारी तो प्रश्न जसाच्या तसा नेला. सेन्सेईंना फार आनंद झाला. त्यांनी सांगितलं की जीव आहे की नाही यापेक्षा, आपणहून जागा सोडून जाऊ शकतं की नाही, असं बघायचं. वेल कुंडी सोडून जात नाही, म्हणून 'आरिमास'. मग त्यांनी माशाचं उदाहरण दिलं. कासाई रिंकाई पार्कच्या मत्स्यालयात ट्यूना टाकीत गोल गोल फिरतात, ते 'इमास'. तोच ट्यूना सुपरमार्केटात थर्माकोलच्या ताटलीत लाल तुकडे होऊन आला की 'आरिमास'. टॅक्सीचं तर मला फारच आवडलं. रस्त्याच्या कडेला ड्रायव्हरसकट गिऱ्हाईकाची वाट बघत असलेल्या टॅक्सीला जपानी माणूस सहज 'इमास' म्हणून जातो. तीच गाडी रिकामी, कुलूप लावून उभी असेल तर 'आरिमास'. दोन रकान्यांच्या तक्त्यात हे बसत नाही. मुलाला मी त्या दिवशी मत्स्यालयात घेऊन गेले आणि टाकीसमोर तो मला शिकवत होता.

'मालकी'चा धडा चौथ्या मंगळवारी. इंग्रजीत 'माझ्याकडे असणे' याला वेगळं क्रियापद आहे. जपानीत नाही आणि मराठीतही नाही. आपण असणाऱ्या वस्तूलाच वाक्यात मान देतो आणि माणसाला बाजूला उभं करतो: मला ताप आहे, मला वेळ आहे, मला दोन मुलं आहेत, माझ्याकडे छत्री आहे, घराला दोन दारं आहेत. जपानी तसंच करतं. "नेत्सु गा आरिमास", ताप आहे. "जिकान गा आरिमास", वेळ आहे. "याकुसोकु गा आरिमास", कोणाला तरी भेटायचं ठरलं आहे. आणि 'मला'ला तर चक्क प्रत्ययच मिळतो: "वाताशी नी वा कोदोमो गा फुतारी इमास", मला दोन मुलं आहेत. मुलं पळतात म्हणून 'इमास'. पण सेन्सेई म्हणाल्या की त्यांची आई नातेवाइकांबद्दलही 'आरिमास' म्हणायची, जुन्या बोलण्यात ते चालायचं.

आकड्याची जागा इथे लक्षात ठेवा. "मोमो गा मित्त्सु आरिमास", पीच तीन आहेत. आकडा नामाच्या आधी न येता क्रियापदाला लगटून येतो. बाजारात आपणही म्हणतोच की, "आंबे बारा आहेत बघा, मोजून घ्या."

छत्रीवरून एक गोष्ट निघाली. "कासा ओ मोत्ते इमास", माझ्याजवळ छत्री आहे. नेपाळी मुलीने विचारलं, छत्री तर निर्जीव, मग इथे 'इमास' कसं? सेन्सेईंनी छत्री हातात घट्ट धरून दाखवली. मला ते मराठीतून लगेच पटलं: हा 'धरून आहे'मधला 'आहे' आहे. छत्री नाही, मी आहे, छत्री धरून. हे मी तोडक्यामोडक्या जपानीत सांगितलं तेव्हा सेन्सेईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

एका ठिकाणी मराठीनं मला फसवलंच. बागेत बाक आहे, बागेत जत्रा आहे. आपल्याला दोन्हीकडे '-त'. जपानीत बाकाला 'नी', जत्रेला 'दे': "कोएन नी बेन्ची गा आरिमास", "कोएन दे ओमात्सुरी गा आरिमास". जत्रा ठेवलेली नसते, घडते, म्हणून. परीक्षा, मीटिंग, भूकंप, सगळे याच गटात. हे मला अजूनही बोलताना थांबून आठवावं लागतं.

शेवटच्या मंगळवारी त्यांनी आम्हाला आपापलं झाइर्यू कार्ड, म्हणजे इथल्या रहिवासाचं ओळखपत्र, बाहेर काढायला लावलं. परदेशी माणसाला ते कायम जवळ बाळगावं लागतं, पण मी त्यावरचं एक अक्षर कधी वाचलं नव्हतं. 'आरु', म्हणजे 'आरिमास'चं मूळ रूप, त्यासाठी कांजी (चिनी अक्षरं) दोन आहेत. दोन्हींची सुरुवात सारखीच, एक आडवी रेघ आणि तिला छेदून जाणारी तिरकी. एकीत ती तिरकी-आडवी म्हणजे हात आणि खाली मांसाचा तुकडा: हातात आहे ते आपलं. ही मालकीची. दुसरीत खाली माती: अमुक जागी असणं. रोजच्या लिहिण्यात लोक दोन्हींऐवजी साधी हिरागाना लिपी वापरतात, पण सरकारी कागदांवर त्या जागोजागी भेटतात. झाइर्यूतलं 'झाइ' म्हणजे ती मातीची कांजी. माझ्या व्हिसाचा प्रकार 'काझोकु ताइझाइ', म्हणजे कुटुंबासोबत राहणं, त्यातही तीच. आणि खाली एका चौकटीत लिहिलं होतं, 'शूरो सेइगेन नो उमु'. काम करण्यावर बंधन 'आहे-नाही'. 'उमु' या एका शब्दात असणं आणि नसणं शेजारी शेजारी बसलेलं. कार्डाच्या मागे आठवड्याला २८ तासांपर्यंत कामाची परवानगी छापलेली आहे, ती मला नवऱ्याने वाचून दाखवली होती. त्या दिवशी मी पुढची बाजू स्वतः वाचली.

त्याच तासाला 'आरिगातो'चा उलगडा झाला. 'आरि' म्हणजे असणं, 'गातो'च्या मुळाशी अवघड हा अर्थ. असणं अवघड, म्हणजे विरळा, आपल्या 'दुर्लभ'च्या जवळचा शब्द. पुढचं 'गोझाइमास' हे 'आरिमास'चंच अदबशीर रूप. दुकानदार माल नसला की 'मोशिवाके गोझाइमासेन' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ 'सांगायला काही सबब नाही'. आभार आणि माफी, दोन्हींत हेच क्रियापद. मी गव्हाचं कोंड्यासकटचं पीठ शोधत आमच्या सुपरमार्केटात "झेनर्यूफुन वा आरिमास का?" असं विचारते तेव्हा जे उत्तर येतं ते आता मला पूर्ण ऐकू येतं.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. वर्गाच्या सूचना फक्त जपानीत, फक्त कागदावर. एकदा खोली बदलली होती, ते दारावर चिकटवलं होतं, आणि मी वीस मिनिटं चुकीच्या मजल्यावर बसून राहिले. जो माणूस नवशिका आहे म्हणून येतो त्याला निदान सोप्या हिरागानात, वर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला काय हरकत आहे? दुसरं, स्वयंसेवक बदलत राहतात. आमच्या सेन्सेई गावी गेल्या त्या आठवड्यात आलेल्या गृहस्थांनी पुस्तकातली वाक्यं ओळीने वाचून घेतली आणि तास संपवला. तुम्हाला कोण मिळेल हे नशीब. तिसरं, लहान मुलांसाठी सोय नाही. दोन वर्षांचं मूल घेऊन आलेली एक मुलगी तीन मंगळवारांनंतर यायची बंद झाली, आणि तिलाच या वर्गाची सगळ्यात जास्त गरज होती. याबद्दल मी केंद्राच्या खिडकीवर दोनदा बोलले आहे.

वेगही बघा. जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. नोकरीसाठी ती द्यायची असेल तर एका धड्याला पाच मंगळवार परवडणार नाहीत, सरळ पैसे भरून रोजचा क्लास लावा. पण ज्यांना दवाखान्यात, शाळेत, दुकानात उभं राहून बोलायचं आहे त्यांनी इथेच यावं.

गेल्या फेब्रुवारीत मुलाला पुन्हा ताप आला, ३८.५. दवाखान्यात मोन्शिनह्यो, म्हणजे डॉक्टरांना भेटण्याआधी भरायचा फॉर्म, हातात दिला. आधी तो मी फोटो काढून नवऱ्याला पाठवायचे आणि तो मीटिंगमधून उत्तर देईपर्यंत बसून राहायचे. या वेळी एकेक ओळ वाचली. ताप: आरी, नाशी. अॅलर्जी: आरी, नाशी. आहे, नाही. 'आरी'भोवती एक गोल, बाकीच्या 'नाशी'भोवती. पाच मिनिटांत फॉर्म खिडकीवर दिला. नंतर औषधांच्या दुकानात तोच प्रश्न आला आणि मी पिशवीतून वही काढून म्हणाले, "हाइ, आरिमास."

पुढचं सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, नोंदणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. खिडकीवर जाऊन एवढंच विचारा: "मादा आकी वा आरिमास का?" अजून जागा आहे का? मी परवा मैत्रिणीसाठी विचारलं तेव्हा दोन होत्या.